तव्याच्या काजळीचे अंगठे

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी माझीच चूक डोळ्यांपुढे येते. तेव्हा मोखाडा तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो.

खोडाळ्याकडच्या एका गावात देशी दारूचं दुकान बंद करायला बायकांनी अर्ज केला होता. नियम असा, की अर्जावरच्या सह्या-अंगठे खरे ठरले तर मतदान होतं. आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं मतपत्रिकेवरच्या 'आडव्या बाटली'ला पडली, तरच दुकान बंद. म्हणजे गैरहजर बाई दुकानाच्याच बाजूची! दिवाळीनंतर माणसं मजुरीला बाहेर जातात आणि आमचे पाडे ओस पडतात. हा नियम कोणाच्या सोयीचा, ते वेगळं सांगायला नको.

मतदान तोंडावर असताना दारूविक्रेत्यांच्या संघटनेचा प्रतिनिधी तक्रार घेऊन आला.

"साहेब, दारूचं धोरण ठरवताना मंत्रालयसुद्धा आम्हाला विचारतं. या बाया आम्हाला शिकवणार?"

तक्रारीत महसूल होता, रोजगार होता, शिरपामाळला येणाऱ्या पर्यटकांची गैरसोयही होती. मुद्दा मात्र एकच: बारा अंगठे बनावट. त्या बाया दिवाळीपासून वीटभट्टीवर, एक दिवसही तिथून हललेल्या नाहीत. शिवाय शाई वेगळी. सोबत त्याच बारा जणींची प्रतिज्ञापत्रं, 'आम्ही अंगठा दिलेला नाही.' गुन्हा दाखल झाला की मतदान बारगळणार आणि अर्जावर अंगठे गोळा करणारी बाई आत जाणार.

मी त्या रुबाबाला भुललो. बाईला चौकशीला बोलावलं. पन्नाशीची, नागलीची शेती करणारी, अक्षरओळख नाही.

"मावशी, खरं सांगा. अंगठे कोणाचे?"

"त्यांचेच, सायब. टेम्पोत बसून भट्टीवर गेलू. शाई घरीच रायली. मग तव्याची काजळी न तेल लावला."

"पुरावा?"

"दुकानवाल्यांचा कागद काय सांगतं? वाचा ना."

मी आधी तक्रार वाचली, मग प्रतिज्ञापत्र वाचू लागलो. ते जव्हारला, नोटरीसमोर केलेलं. तिने मला थांबवलं.

"बाया भट्टीवरून हालल्याच नाय, त मग जव्हारला अंगठा द्याया कोन गेला?"

खोलीतला हवालदार भिंतीकडे तोंड करून हसला. इतकी वर्षं नोकरी केली, पण हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी पथक भट्टीवर पाठवलं. बारा जणींचे जबाब आणि अंगठ्यांचे नमुने घेतले, दुकानातल्या माणसांचेही नमुने घेतले. तज्ज्ञाचा अहवाल आला: काजळीचे बाराही अंगठे खरे. प्रतिज्ञापत्रांवरचे बारा मात्र एकाच अंगठ्याचे, आणि तो अंगठा दुकानातल्या नोकराचा! त्याला ठाण्यात आणलं, तेव्हा प्रतिनिधीनेच अंगठे द्यायला लावल्याचं त्याने कबूल केलं. गुन्हा दाखल झाला, पण प्रतिनिधीवर. त्याचा रुबाब कोठडीच्या दारातच उतरला.

मतदानाच्या बंदोबस्ताला मी मुद्दाम स्वतः उभा राहिलो. दुपारी भट्टीवरून टेम्पो आला, मजुरी बुडवून आलेल्या बायांनी खच्चून भरलेला. संध्याकाळी बाटली आडवी झाली आणि शाळेच्या पटांगणात तारप्याचे सूर घुमले. मावशी माझ्यापाशी आली, काजळीने काळा केलेला अंगठा नाचवत.

"सायब, आता वळखू येतो ना?"

मी मान खाली घालून हसलो. खरं सांगतो, बदल्यांच्या वेळी मिळालेल्या मानपत्रांनीही एवढा आनंद दिला नाही.

धोरणं मोठ्या खोल्यांत लिहिली जातात आणि तिथे कोणाला खुर्ची मिळते, ते मी पुरतं ओळखून आहे. पण त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत एक शिस्त पाळली. ज्याच्याविरुद्ध कागद आहे, त्याला तो आधी मोठ्याने वाचून दाखवायचा. त्या खोलीत वाचता येत होतं मला, पण कागद कळला तिला.