अक्काच्या आवाजाचं उट्टं

मला राग लवकर येतो हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तो जात नाही, हे फार थोड्यांना. धुळ्याच्या त्या मित्राला ते कळलं तेव्हा उशीर झाला होता.

आम्ही चौघं. दर रविवारी दुपारी जळगावात, बँकेत काम करणाऱ्या मित्राच्या घरी कूलरसमोरच्या जेवणाच्या टेबलावर आमचा खेळ मांडला जातो. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट रचतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होऊन बोलतात, आणि अडलं की फासे टाकून काय घडलं ते ठरवतात. चाळिशी ओलांडलेली माणसं हे करतात म्हणून शेजारच्या काकू अजून आमच्याकडे संशयाने बघतात. बघू देत.

बँकवाला नियमांचा किडा. तलवारीची जखम किती दिवसांत भरते याचाही तक्ता हवा त्याला. दुसरी मैत्रीण दातांची डॉक्टर. तिचं म्हणणं, एका पानावर मावत नाही तो नियम नव्हे, तो जाच. धुळेकर तिथल्या कॉलेजात शिकवतो, एसटीने येतो आणि दर महिन्याला मोबाइलवर नवीच नियमावली उतरवून आणतो. मग आमची जुंपते. जुंपता जुंपता विषय नळाच्या पाण्यावर जातो, डॉक्टरणीच्या सासूच्या गुडघ्यांवर जातो, मुलांच्या ट्यूशनवर जातो, आणि कुणीतरी ओरडतं, "अरे, तो राक्षस अजून दारात उभा आहे!"

माझं पात्र होतं अक्का. सातपुड्याच्या पायथ्याची, झाडपाल्याचं औषध देणारी. तीन वर्षं मी तिला चालवलं. अक्का बोलायची अहिराणी, माझ्या आईची. आई धरणगावकडची. माझ्या सासरी सगळे प्रमाण मराठीवाले, शाळेत मी मराठीच शिकवते, त्यामुळे लग्नानंतर ती बोली माझ्या तोंडातून फक्त आईशी फोनवर निघायची आणि रविवारी त्या टेबलावर. "ये भो, आठे बठ. बठ्ठं सांग, मंग देखसू," म्हणजे इथे बस, सगळं सांग, मग बघू, असं अक्का म्हणाली की डॉक्टरीण खुर्ची पुढे ओढायची.

धुळेकर मात्र म्हणायचा, "आमच्या घरी असलं कधी नव्हतं बुवा. आम्ही पहिल्यापासून शुद्ध बोलतो." तेव्हा मी सोडून दिलं.

एक नियम माझाच. धुळेकराची एसटी हुकली की खेळ बंद पडायचा, म्हणून मीच हट्टाने लिहून घेतला होता: जो गैरहजर, त्याचं पात्र टेबलावरच्या कुणीही चालवावं, आणि जे होईल ते मान्य करावं. बँकवाल्याने त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पहिली सही माझी.

मग आई गेली.

मी गावी होते. दहावा झाला त्या दुपारी, भांडी घासून झाल्यावर ओसरीत टेकले आणि मोबाइल उघडला. ग्रुपवर बँकवाल्याने आवाजाची एक क्लिप टाकलेली. त्याच्या मनात वाईट नव्हतं, त्याला वाटलं मला जरा हसू येईल. अक्का दरीत पडून मेली होती. तिला चालवत होता धुळेकर. नाकात, चिरक्या आवाजात, तमाशातल्या मावशीसारखा ओरडत होता, "ओ माय वं, मी मरी गऊ वं!" आणि मागे बाकीचे दोघं हसत होते. पोट धरून.

आईला जाऊन दहा दिवस झाले होते, आणि तिच्या बोलण्यावर ती माणसं हसत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पात्र मेलं त्याचं मला काही नव्हतं, फासे आहेत, पात्रं मरतात. पण त्या टेबलावर ती बोली आता विदूषकाची झाली होती. मी पुन्हा तोंड उघडलं असतं तर त्यांना तो चिरका आवाजच आठवला असता.

परत गेल्यावर मी एवढंच विचारलं, "असं का केलंस?"

"अगं, गंमत! आणि नियम तुझाच आहे की," धुळेकर म्हणाला आणि शेवेची पुडी माझ्यापुढे सरकवली.

मी मूठभर शेव घेतली. गोड हसले. नवा कागद मागून नवं पात्र केलं, शहरातला मुका शिपाई. मुका, म्हणजे बोलायलाच नको. डॉक्टरणीने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

सूत्रधाराची पाळी माझ्याकडे यायला चार महिने होते. ते चार महिने मी मजेत काढले, खोटं कशाला बोलू! पोळ्या लाटताना, वह्या तपासताना मी त्याला बुडवत होते. त्याचं पात्र होतं एक सरदार, पाच वर्षं जपलेला. त्याच्या घोड्याचा वंशवृक्षही त्याने काढलेला होता. त्या सरदाराला मारायचं आणि मारण्याआधी त्याला त्याच बोलीत हात पसरायला लावायचं, एवढंच मला हवं होतं.

पाळी आली. मी नवा नियम मांडला: नदीच्या उतारावर एक म्हातारी बसते. तिच्या मदतीशिवाय पलीकडे जाता येत नाही. तिच्याशी तिच्याच बोलीत, स्वतःच्या तोंडाने बोलायचं. तीन वेळा. तिने ऐकलं की नाही ते सूत्रधार सांगेल.

"फासे नाहीत?" बँकवाला चमकला. "एवढा अधिकार एका माणसाच्या हातात? मी सही करणार नाही."

"कर रे," धुळेकर हसला. "मला येते की तिची ॲक्टिंग."

बँकवाल्याने सही केली.

सरदार नदीत उतरला आणि मी पाणी वाढवलं. घोडा वाहून गेला. धुळेकराने घसा खाकरला आणि तोच चिरका आवाज काढला. बँकवाला हसला. मी म्हणाले, "म्हातारीने ऐकलं नाही. पाणी छातीला."

दुसऱ्यांदा त्याने निम्मं मराठी, निम्मं काहीतरी जोडून म्हटलं. कुणी हसलं नाही. "ऐकलं नाही. पाणी गळ्याला."

त्याचा चेहरा उतरला. कानशिलं लाल झाली. मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! मी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "शेवटची वेळ. घाई नाही."

तो खाली बघत राहिला. मग टेबलाकडे बघतच, अगदी हळू म्हणाला, "माय, पानी वाढी गयं. मन्हा हात धर. मी एकला शे."

आवाज चिरका नव्हता. कुणाची नक्कल नव्हती. हे पुस्तकातून येत नाही, मोबाइलवरून तर नाहीच. हे घरात, कुणाच्या तरी मांडीवर बसून कानात गेलेलं असतं, आणि मग कुणीतरी ते बोलू नको म्हणून दटावलेलं असतं. मला एका क्षणात कळलं. आम्हा चौघांत ते फक्त मलाच कळण्यासारखं होतं. बँकवाला विदर्भातला, डॉक्टरीण पुण्याची.

दोघंही माझ्याकडे बघत होते.

"म्हातारीने ऐकलं नाही," मी म्हणाले. "पाणी डोक्यावरून गेलं."

बँकवाल्याने कपाळावर हात मारला. डॉक्टरीण म्हणाली, "अरेरे, पाच वर्षांचा सरदार!" धुळेकराने वाद घातला नाही. एरवी जखमेच्या एका गुणासाठी तासभर भांडणारा माणूस, त्याने सरदाराचा कागद दोनदा दुमडला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. मी त्याच्यासमोर नवा कोरा कागद ठेवला. त्याने घेतला नाही. एसटीची वेळ झाली म्हणून उठला.

मी जिंकले होते. दारापर्यंत सोडायला मुद्दाम गेले, त्याचा पडलेला चेहरा जवळून बघायला.

तो चपला घालायला वाकला. वर न बघता त्याने विचारलं, "बराबर व्हतं ना मन्हं?"

आई गेल्यापासून माझ्याशी त्या बोलीत कुणी बोललं नव्हतं. हो म्हणायला जीभ वळली होती, आईच्याच शब्दांत.

"नाही," मी म्हणाले, वर्गात म्हणते तशा स्वच्छ मराठीत. "ते नियमात बसत नव्हतं."