मध्यमसाहेबांचा तलाव

आमचे साहेब कशालाही चांगलं म्हणत नसत. सोलापूरच्या पाटबंधाऱ्याच्या कचेरीत ते उपअभियंता आणि मी नकाशे उतरवून काढणारी ट्रेसर. चहाचा एक घोट घेऊन म्हणायचे, "मध्यम." मुलीसाठी स्थळ बघून आले, तेही मध्यम. कचेरीत त्यांचं नावच मध्यमसाहेब पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि माझ्या मते आवडतही होतं.

ही सवय तक्त्यातून आलेली. ओढ्यावर तलाव बांधायचा तर त्यात वर्षाला किती पाणी येईल, म्हणजे येवा किती, ते आधी काढावं लागे. पाऊस किती ते घ्यायचं, पाणलोटाची जमीन चांगली, मध्यम की वाईट ते ठरवायचं आणि तक्त्यात आकडा बघायचा. जमिनीची पारख साहेब स्वतः करत. पावसाची मात्र बोंब होती. पर्जन्यमापक तालुक्याच्या कचेरीत आणि ओढा भलतीकडेच. "शेजाऱ्याची नाडी बघून आपल्या घरातला ताप सांगायचा, हा आपला धंदा, बाई," असं ते म्हणत. आकडा काढून माझ्याकडे देत आणि मग स्वतःच त्यावर शंका काढत बसत. मला राग यायचा, कारण नकाशा पुन्हा मलाच काढावा लागे.

बहात्तरच्या दुष्काळात होटगीच्या पलीकडच्या एका गावाचा तलाव आमच्याकडे आला. साहेब पाणलोट पायी फिरून आले. "काळी जमीन आहे. पडेल ते आधी स्वतःच पिणार. वाईट." वाईट लिहिलं की येवा पुरत नव्हता, आणि येवा पुरला नाही तर काम मंजूर होत नव्हतं. त्या गावाला जवळपास दुसरं दुष्काळी काम नव्हतं.

हे कळल्यावर गावातली माणसं कचेरीत आली. पुढे शिवप्पा नावाचे म्हातारे होते. तलावात जाणारी जमीन त्यांचीच.

"साहेब, वाईट नगा लिवू की," ते म्हणाले. "पान्याचं मागनं बगू. काम निगालं न्हाय तर गाव उटतंय."

साहेबांनी काही लपवलं नाही. "तुमची जमीन जाईल आणि तळंही भरणार नाही."

"म्हायती हाय. लिवा."

साहेबांनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी 'मध्यम' लिहिलं आणि सही केली. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

तलाव झाला. गाव कामावर राहिलं, पोरांना खायला सरकारी सुकडीही तिथेच मिळाली. पुढे पाऊस परतला, आसपासचे तलाव भरले, हा भरला नाही. तळाशी गुडघाभर पाणी साठायचं आणि दिवाळीपर्यंत आटायचं. साहेब दर पावसाळ्यानंतर तिथे जाऊन येत. मी एकदा विचारलं, "साहेब, आता तिथं काय बघायचं राहिलंय?"

"माझी सही," ते म्हणाले.

बदलीचा हुकूम आला तेव्हा ते शेवटचे गेले. जीपमध्ये मीही होते. शिवप्पा काठी टेकत बांधावर आले.

"शिवप्पा, जमीन गेली तुमची," साहेब म्हणाले.

"व्हय, गेली की." म्हाताऱ्यांनी उगाच गोड बोलून ते झाकलं नाही. मग त्यांनी गावाकडे हात केला. "पर त्या साली एकाच्या बी दाराला कुलूप लागलं न्हाय."

जीपमध्ये बसल्यावर साहेबांनी चष्मा काढला, आणि सोलापूर येईपर्यंत तो हातातच होता. मला त्यांची फार माया वाटली, पण तसं बोलायची आमच्यात रीत नव्हती. मी आपली खिडकीबाहेरची काळी रानं बघत बसले.