मुखवटा घेतला, पट्टा राहिला

पाणबुड्याचं सामान घेताना मी सगळे पैसे तोंडावर खर्च केले आणि कमरेसाठी काही ठेवलं नाही. चूक एवढीच.

हे खूळ डोक्यात शिरलं डोंबिवलीच्या वाचनालयात. लढाई संपून काही वर्षं झाली होती, मी नुकता कारकुनीला चिकटलो होतो आणि रविवारी तिथली विलायती साप्ताहिकं फुकट चाळायचो. त्यातल्या एकात पानभर रंगीत चित्र होतं. समुद्राच्या तळाशी एक माणूस, तोंडावर काचेचा मुखवटा, पाठीवर हवेचं नळकांडं, भोवती मासे. माशांचं मला काही नव्हतं. मला धक्का बसला तो त्या माणसाच्या अंगकाठीचा. तो माझ्याइतकाच किडकिडीत होता. तोवर मर्दुमकी म्हणून जे जे माझ्यासमोर आलं, त्यात छाती लागायची. इथे नुसतं सामान लागत होतं. आणि सामान विकत मिळतं.

माझ्या खोलीतला भागीदार मालवणकडचा. त्याचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मे महिन्यात रजा काढून तिकडे जायचं आणि समुद्राचा तळ बघायचा, असं मी त्याला सांगितलं. पोहायला मी ठाण्याच्या तळ्यात शिकलेलो, त्यामुळे माझ्या मते अर्धं काम झालेलंच होतं.

तो म्हणाला, "आधी इथे विहिरीत उतरून दाखव. तिकडे बुडालास तर तुझ्या आईला तार मला करावी लागेल."

"आणि इथे बुडालो तर?"

"इथे ती ठाण्याहून स्वतःच येऊन बघेल."

दोघांनी मिळून जेवढे पैसे जमवले, त्यात पाठीवरच्या नळकांड्याचं नाव काढायची सोय नव्हती. तेव्हा हवा वरूनच पाठवायची ठरली. भागीदाराचा मावसभाऊ ठाण्याला लॉरी चालवायचा. त्याच्याकडचा टायरमध्ये हवा भरायचा पायपंप एका रविवारपुरता मिळणार होता. पंप वर, मी खाली, मध्ये रबरी नळी. विकत घ्यायचं ते मुखवटा, नळी आणि कमरेला वजनं बांधायला काहीतरी. वजनं नसली तर माणूस बुचासारखा वर येतो, एवढं मला वाचून कळलं होतं.

त्या दिवसांत कल्याणला पलटणीचा जुना माल ढिगाने मिळायचा. छावणीतले गोरे कधीच गेले होते, त्यांच्या बराकींत सिंधहून आलेली माणसं राहत होती आणि गोऱ्यांचे बूट, पाण्याच्या बाटल्या, मच्छरदाण्या बाजारात ताडपत्रीवर पसरलेल्या असायच्या. आम्ही बराच वेळ हिंडलो. आणि एका दुकानात, शिरस्त्राणांच्या उतरंडीपलीकडे, तो दिसला. विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा. काळं रबर, डोळ्यांना दोन गोल काचा, तोंडापासून निघालेली हत्तीच्या सोंडेसारखी नळी.  पण तो एका दुसऱ्याच माणसाच्या हातात होता.

माणूस चांगला धिप्पाड होता. मुखवटा उलटा-सुलटा करून तो काचेवर नखाने टिचक्या मारत होता. दुकानदाराने सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावर तो अडून बसला होता आणि दुकानदार हळूहळू खाली येत होता.

"गप उभा राहा," भागीदार माझ्या कानात म्हणाला. "त्याने ठेवला की आपण उचलू. बघू नकोस तिकडे."

मी बघितलं नाही. मी बोललो.

"सेठ, तुम पहले जितना बोला उतना मैं देता है."

दुकानदाराने त्या माणसाच्या हातातून मुखवटा अलगद काढून माझ्या हातात ठेवला. माणसाने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तो निघून गेला. नंतर कळलं, त्याला फक्त काचा हव्या होत्या. मोटरसायकलच्या चष्म्याला.

 भागीदार म्हणाला, "लेका, लिलावात सुद्धा माणसं एवढी घाई करत नाहीत."

उरलेल्या पैशांत नळी आली, तीही दोन तुकड्यांत. ती मुखवट्याच्या सोंडेला जोडायला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आणि सोल्यूशन घेतलं. मग त्याच दुकानात खुंटीवर टांगलेला पट्टा भागीदाराने दाखवला. जाड खाकी नवारीचा, पितळी आकड्याचा. अंगठ्याने दाबला की आकडा खटकन सुटायचा. आमच्याकडे परतीच्या तिकिटांएवढे पैसे होते आणि वर थोडे.

"हा घे," तो म्हणाला. "वजनं याला अडकवू. आपण चालत जाऊ ठाकुर्लीपर्यंत, तिथून पुढेही चालत."

मी मुखवटा घालून आरशात बघत होतो. आतून म्हणालो, "पट्टा पाण्यात कुणाला दिसणार आहे? दोर बांधू."

आता विहीर. आमच्या वाडीतली विहीर मालकीणबाईंची होती. सगळे त्यांना काकू म्हणत. साठीच्या पुढच्या, अंगाने सुपारीएवढ्या, पण वाडीत त्यांच्यापुढे आवाज चढवलेला मी कुणी पाहिला नाही. पिण्याची विहीर ती. तिच्यात पाय बुडवायची सोय नव्हती, मग पोहणं दूरच. पण त्याच आठवड्यात त्यांची तांब्याची घागर दोर तुटून तळाला गेली होती आणि गळ टाकून टाकून हात दुखले तरी वर येत नव्हती. मी संधी साधली.

"काकू, मी काढतो घागर. माझ्याकडे यंत्र आहे."

काकूंनी यंत्र पाहिलं. सोंड हातात धरून पाहिली.

"आंघोळ करून उतर," त्या म्हणाल्या. "आणि खाली गेल्यावर काही करू नकोस. कळलं ना?"

रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून जुनी लोखंडी वजनं मागून आणली. कड्या असलेली, चांगली जड. त्यांच्या कड्यांतून सुताचा दोर ओवून मी तो खाकी अर्ध्या चड्डीवरून कमरेला आवळला आणि पोटावर गाठ मारली. एक, आणि वर भक्कमपणासाठी आणखी एक.

"आणि तुला ओढायला?" भागीदाराने विचारलं. "रहाटाचा दोर काखेतून बांधू का?"

विहिरीच्या काठावर पाणी भरायला आलेल्या बायका उभ्या होत्या. त्यांच्यादेखत मला घागरीसारखं दोराला लटकायचं नव्हतं. चित्रातल्या माणसाला तरी कुठे दोर होता?

"नळी आहे की," मी म्हणालो. "एकदा ओढली की हवा वाढव. दोनदा ओढली की मला वर घे."

आतल्या भिंतीतून पुढे आलेल्या दगडांवर पाय देत मी खाली गेलो. उन्हाळा असूनही पाणी दोन पुरुष होतं. वर भागीदाराने पंप मारायला सुरुवात केली आणि मुखवट्यात हवा आली. फुस्, मग काही नाही, मग फुस्. तिला टायरचा वास होता. पण ती हवा होती. मी हात सोडले.

वजनांनी मला जे नेलं ते थेट तळाला. कान दुखले, इतके की दात आवळले गेले. पाय गाळात रुतले. आणि मग, खरं सांगतो, थोडा वेळ मी त्या चित्रात होतो. हिरवा उजेड होता, वर गोल आभाळ होतं, एक कासव भिंतीच्या कपारीतून माझ्याकडे बघत होतं. घागर हाताच्या अंतरावर होती, गाळात उपडी, दोन दगडांमध्ये घट्ट बसलेली. म्हणूनच ती गळाला लागत नव्हती. मी वाकून तिच्या गळ्याला हात घातला.

वाकलो तसं हनुवटीला गार लागलं. पाणी आत येत होतं. मुखवटा लढाईतल्या एखाद्या भरल्या गालाच्या सोजिरासाठी केलेला, माझ्या गालफडांवर तो बसणार कसा? पाणी ओठांशी आलं. मी घागर सोडली आणि नळी ओढली. एकदा, दोनदा.

वर एकदाच कळलं. नळी दोन तुकड्यांची, लवचिक, माझी पहिली ओढ तिने वाटेतच खाऊन टाकली. भागीदाराने इमानाने हवा वाढवली. तो जीव तोडून पंप मारत होता, ते मला खाली कळत होतं, कारण प्रत्येक फुसकाऱ्याला मुखवटा गालांवरून उचलला जात होता आणि पाणी आणखी आत येत होतं. त्याची मदत मला बुडवत होती. पाणी नाकाशी आलं. मी श्वास कोंडला आणि दोन्ही हातांनी नळी ओढत राहिलो, मोजून नव्हे, वेड्यासारखी.

आता त्याला कळलं. त्याने पंप टाकला, नळी धरली आणि सगळ्या ताकदीने वर खेचली. नळी वर गेली. मी राहिलो. सोंडेशी लावलेलं सोल्यूशन सुटलं होतं.

मुखवटा मी ओरबाडून काढला. मग गाठीला हात घातला. कोरडी असताना मी मारलेली दुहेरी गाठ पाण्यात भिजून सुपारी झाली होती. नख शिरेना. दोन्ही हातांची बोटं लावली, एक नख मुळापासून उलटलं, गाठ तशीच. पायाने तळ रेटून उसळी मारली, हातभर वर गेलो आणि वजनांनी पुन्हा खाली बसवलं. छातीत ठोके पडत होते ते कानांत ऐकू येत होते. वर आभाळाच्या गोलात डोकी दिसत होती, हलणारी, गप्प. दगड धरून चढावं म्हणून भिंत चाचपली. तळाशी ती शेवाळाने गुळगुळीत होती.

गाठ सुटणार नव्हती. मग दोरच खाली सरकवायचा. मी दोन्ही अंगठे दोरात घातले आणि ढकलला. तो कमरेच्या हाडाला अडला. अगदी थोडक्यात अडला. आणि तेव्हा मला कळलं की तो माझ्या पोटातल्या हवेमुळे अडतोय. मी जो श्वास जिवाच्या करारावर धरून ठेवला होता, त्यानेच मी फुगलो होतो.

तो सोडायचा म्हणजे संपलं. पुन्हा घ्यायला खाली काही नव्हतं.

मी सोडला. सगळा. बुडबुडे तोंडावरून वर गेले, पोट पाठीला लागलं आणि मी दोर, वजनं आणि चड्डी एकदमच खाली ढकलली. दोर हाडांवरून सोलत उतरला. गुडघे, घोटे. एक पाय अडकला, झटकला. मग तळाला लाथ मारली. वर यायला वेळ लागला नसावा, पण त्या वेळेत मी एकदा तोंड उघडलं, पाणी प्यालो, आणि दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा हवा होती.

खोकत खोकत मी एका दगडाला मिठी मारली. वरून भागीदाराचा फाटका आवाज आला, "अरे, जिवंत आहेस का?"

मी एक हात वर केला. काठावरच्या एका बाईने वाकून पाहिलं, "अगं बाई!" म्हणाली आणि बाकीच्यांना घेऊन मागे सरली. तेव्हा मला माझ्या एकंदर स्थितीचा अंदाज आला. भागीदाराने पंचा खाली टाकला. तो पाण्यात पडून भिजला, तसाच कसाबसा गुंडाळून मी वर चढलो. भागीदार तिथेच धोंड्यावर बसला होता. हातात नळी, तोंड पांढरं. त्याने माझ्या दंडाला नुसता हात लावून पाहिला आणि काढून घेतला.

बायका रिकाम्या कळशा घेऊन लांब उभ्या होत्या. पोहरा कुणीच सोडत नव्हतं. काकू पुढे आल्या.

"घागर?"

"खालीच आहे, काकू."

"वाण्याची वजनं?"

"तीही."

"आणि चड्डी?"

मी पंचा घट्ट धरला. काकूंनी विहिरीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे.

"बुडाला असतास तरी विहीर उपसावी लागली असती," त्या म्हणाल्या. "आता चड्डीपायी उपसावीच लागणार आहे. मग वर आलास कशाला?"