मुरलीकाकांनी न्यूझीलंडमध्ये भरलेला रकाना

‘भारतात प्रवेश केल्याची तारीख’ हा रकाना आला आणि कोमलचा माउसवरचा हात थांबला.

“साहेब, इथे काय टाकू?”

“तुम्ही भारतात कधी आलात?” मी विचारलं, आणि विचारल्यावर माझी मलाच लाज वाटली.

“जन्मले तेव्हा.”

मी म्हटलं, मग जन्मतारीख टाका. तिने टाकली. पुढचा रकाना होता, ‘कोणत्या ठिकाणाहून प्रवेश केला’. खाली यादी उघडली. विमानतळ होते, बंदरं होती, सीमेवरच्या चौक्या होत्या. रावेरचं सरकारी रुग्णालय त्यात नव्हतं. त्यानंतर व्हिसाचा नंबर. कोमल तोवर रावेर तालुक्याबाहेर गेली होती ती जळगाव, धुळे, पुणे एवढ्याच ठिकाणी, आणि तिन्ही वेळा एसटीने.

दोष फॉर्मचा नव्हता. तो परदेशातून परत येणाऱ्यांसाठी केलेला होता. गडबड अशी होती की कोमल गेलीच नव्हती, आणि कागदोपत्री तिला परत यायचं होतं.

मी जिल्ह्याच्या कचेरीत गृह शाखेत महसूल सहायक आहे. पूर्वी याला लिपिक म्हणत. शस्त्र परवाने, मोर्चांच्या परवानग्या आणि नागरिकत्वाचे अर्ज आमच्याकडे येतात. नागरिकत्वाचा अर्ज आता केंद्राच्या पोर्टलवर ऑनलाइन भरतात. मग कागद आमच्याकडे येतात, आम्ही चौकशी करतो आणि अहवाल वर पाठवतो. मी पिंपळनेरजवळच्या खेड्यातला. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला मीच, त्यामुळे या टेबलाचं मला अजूनही अप्रूप आहे. माझी आई गावात सांगते, “मना पोऱ्या लोकेसले भारतीय करस.” म्हणजे माझा मुलगा लोकांना भारतीय करतो. मी तिला दोनदा समजावलं की मी फक्त फाइल पुढे पाठवतो. तिला ते पटलेलं नाही.

तर कोमल. वय अठरा, एकोणीस पूर्ण व्हायला नऊ दिवस कमी. पॉवरलिफ्टिंग करते. परदेशात होणाऱ्या एका ज्युनिअर स्पर्धेसाठी तिची भारताच्या संघात निवड झाली होती. संघाकडे पासपोर्ट नंबर द्यायची मुदत तीन आठवड्यांवर आली होती. तिने पासपोर्टसाठी अर्ज केला, तर उलट पत्र आलं. पत्राचा अर्थ असा, की तुमच्या पालकाने भारतीय नागरिकत्व सोडलं आहे, तुम्ही तेव्हा अज्ञान होता, म्हणून तुमचंही गेलं आहे, आधी ते परत मिळवा. सरकारी इंग्रजीतल्या त्या पत्रातलं हे शेवटचंच घरच्यांना कळलं होतं.

हा कायदा खरा आहे. आईने किंवा वडिलांनी रीतसर जाहीर करून नागरिकत्व सोडलं की त्यांच्या अठरा वर्षांखालच्या मुलांचंही जातं. त्या मुलांना एक सवलत असते. अठरा पूर्ण झाल्यावर एका वर्षाच्या आत त्यांनी ‘मला पुन्हा भारतीय व्हायचं आहे’ असं जाहीर केलं की ते परत मिळतं. वर्ष उलटलं की हा रस्ता बंद. म्हणजे कोमलकडे नऊ दिवस होते.

आमच्या खात्याची एक सवय आहे. ज्या कामाला फॉर्म आहे ते काम आधी सुरू करायचं. मीही तेच केलं. तिच्याबरोबर तिचे वडील सुधाकरभाऊ आले होते. केळीच्या बागेतून थेट आल्यासारखे, पँटवर चिकाचे काळे डाग. ते बाकावर बसून होते. पालकाने नागरिकत्व सोडल्याच्या दाखल्याचा नंबर पासपोर्टवाल्यांच्या पत्रात होता, तो मी टाकला. नंबर टाकताच ‘वडिलांचे नाव’ हा रकाना आपोआप भरला. सुधाकरभाऊ उठून स्क्रीनजवळ आले.

“हे मुरलीचं नाव इथं काय करू राह्यलं?”

“मुरली कोण?”

“माझा लहान भाऊ. न्यूझीलंडले असतो.” त्यांनी स्क्रीनला बोट टेकवलं. “पोरगी माझी, अन् बाप म्हनून नाव त्याचं?”

तोवर मी गृहीत धरलं होतं की परदेशी गेलेला बाप दुसरीकडे कुठे असेल आणि हे मामा वगैरे असतील. पहिल्यांदाच विचारायला हवं होतं. मी दाखला उघडून पाहिला. मुरलीधर यांनी न्यूझीलंडचं नागरिकत्व घेतल्यावर तिथल्या आपल्या वकिलातीत भारताचं सोडलं होतं. ‘अज्ञान मुले’ या रकान्यात तीन नावं होती. दोन मुलगे. तिसरी कोमल.

सुधाकरभाऊंनी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. मुरलीकाका हसऱ्या चेहऱ्याचे गृहस्थ. इथे केळी पॅक करायचे, तिथे किवीची फळं पॅक करतात.

“मुरली, कोमलचं नाव तू काहून लिहिलं?”

“कशात?”

“त्या फारमात. पोरांच्या जागी.”

“मग काय गाळायचं?” काका म्हणाले. “घरात पोरं किती? तीन. तीन लिहिली. एकुलती एक पोरगी आपल्या घरात. तिचंच नाव गाळलं असतं त वहिनीले काय वाटलं असतं?”

मला हे लगेच कळलं. दुसऱ्या मुलखातल्या माणसाला कळलं असतं का, माहीत नाही. आमच्याकडे लग्नाची पत्रिका छापताना खाली घरातल्या सगळ्या लहान मुलांची नावं घालतात. कोण कोणाचं ते पाहत नाहीत. एक नाव राहिलं तर भाऊ भावाच्या दारात पाय ठेवत नाही. माझ्या सख्ख्या मामाने एका राहिलेल्या नावावरून आमच्याकडची तीन लग्नं सोडली. मुरलीकाकांनी वकिलातीचा फॉर्म पत्रिकेसारखा भरला होता. मन मोठं ठेवून, आणि खाली सही करून.

“काका, तुमच्यामुळे तिचं नागरिकत्व गेलं,” मी म्हणालो.

“असं कसं जाईल? ती तर तिथंच आहे ना?”

मी सगळं घेऊन निवासी उपजिल्हाधिकारी मॅडमकडे गेलो. आमच्या शाखेच्या त्या प्रमुख. कमी बोलतात. त्यांनी दाखला वाचला, कोमलचा जन्मदाखला वाचला, चष्मा काढला.

“दोन रस्ते आहेत. परत मिळवायचा फॉर्म भरायचा, तो सोपा. पण त्यात मुरलीधर हे माझे वडील असं तिला लिहून द्यावं लागेल.”

“ते खोटं होईल, मॅडम.”

“होईल. दुसरा रस्ता, तिचं कधी गेलंच नाही असं दाखवायचं. त्याला पोर्टलवर फॉर्म आहे?”

मी नीट पाहिलं होतं. नागरिकत्व मिळवायला फॉर्म आहे, सोडायला आहे, सोडलेलं परत घ्यायला आहे. ज्याने काहीच केलेलं नाही त्याच्यासाठी फॉर्म नाही.

“जन्मदाखल्यावर वडील सुधाकर आहेत, मॅडम. तेवढं पुरेल?”

“जन्मदाखला जन्माचा. पुढे काकाने दत्तक घेतली नाही कशावरून? त्यांच्या सहीचा कागद म्हणतो ती त्यांची. त्यांनाच सांगावं लागेल की नाही.”

मी बाहेर येऊन दोन्ही रस्ते सांगितले. नऊ दिवसांनी पहिला बंद होईल, हेही सांगितलं. दुसऱ्या रस्त्यावर वरून नकार आला, तर परत फिरायला जागा नसेल.

सुधाकरभाऊ म्हणाले, “भावाची पोरगी म्हनून मी लिहू देनार नाही. स्पर्धा गेली तरी चालेल.” पहाटे तिला व्यायामशाळेत सोडणारे तेच होते.

कोमल सज्ञान होती. ती एकटी सही करू शकली असती. ती माउस बाजूला सारून म्हणाली, “बंद करा, साहेब. खोटं लिहून भारतीय कशाला व्हायचं? मी आहेच.”

तिसऱ्या दिवशी मॅडमनी सुनावणी लावली. सुनावणी म्हणजे सगळ्यांना समोर बसवून जबाब घेणं. कोमल, आईवडील आणि अक्का, म्हणजे तिची आजी, समोरच्या खुर्च्यांवर. मुरलीकाका टेबलावरच्या स्क्रीनवर. तिकडे संध्याकाळ होती. ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मी जबाब टाइप करत होतो.

“कोमल तुमची मुलगी आहे का?” मॅडमनी विचारलं.

“म्हणजे काय मॅडम, माझीच.”

माझी बोटं थांबली. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हे टाइप करू नका.” मग काकांना, “तुम्ही तिचे वडील आहात का?”

“वडिलांसारखाच.”

“सारखे नको. आहात की नाही?”

“तिला सायकल कोणी शिकवली, विचारा तिला.”

“जबाबात सायकल येत नाही. एका वाक्यात सांगा, ही माझी मुलगी नाही.”

काकांनी अक्कांकडे पाहिलं. म्हणजे स्क्रीनवर त्यांचे डोळे जरा डावीकडे गेले. “ती दादाची आहे. आणि माझीपण.”

“‘माझीपण’ नको.”

“मॅडम, आई समोर बसली आहे. तिच्यासमोर असं कसं म्हणू? आमच्यात कधी तुझं-माझं झालं नाही.”

“मुरली, म्हन ना बाप्पा,” सुधाकरभाऊ म्हणाले. तीन दिवस ते या भावावर रागावलेले होते, आता त्याची समजूत काढत होते. “मले राग नाही येनार.”

“तुले आज नाही येनार. उद्या येईल.”

अक्का तोवर पदराने घाम पुसत होत्या. त्यांनी मॅडमना विचारलं, “बाई, त्याच्या ऐवजी मी म्हनलं त चालेल का?”

“नाही, आजी.”

मग कोमल उठली आणि स्क्रीनसमोर गेली. “काका, मला वजन उचलायला जायचंय. तुमच्या एका वाक्यावर अडलंय. म्हणा आणि मोकळे व्हा. मी घरी जाऊन विसरून जाईन.”

काकांनी इस्त्रीच्या शर्टाची कॉलर सरळ केली. मग एका दमात म्हणाले, “कोमल माझी मुलगी नाही. माझ्या भावाची आहे. मी तिला दत्तक घेतलेली नाही.” एवढं म्हणून ते कॅमेऱ्यासमोरून उठले. स्क्रीनवर नुसती भिंत आणि कॅलेंडर दिसत होतं. आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला. अक्का म्हणाल्या, “पोराले पानी द्या कोनी.” तिकडे पाणी देणार कोण, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

मॅडमनी त्याच दिवशी अहवाल तयार केला. सदर मुलगी मुरलीधर यांचे अपत्य नाही, सबब कलम लागू होत नाही, नागरिकत्व कधीही संपुष्टात आलेले नाही. अहवाल मी मेलने वर पाठवला. तीन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं. कोमलचा अर्ज क्रमांक कळवावा.

मी लिहिलं, अर्ज केलेला नाही, कारण नागरिकत्व गेलेलं नाही. उत्तर आलं, अर्ज क्रमांकाशिवाय कार्यवाही शक्य नाही.

तिच्या वाढदिवसाला तेव्हा एकच दिवस राहिला होता. परत मिळवण्याचा फॉर्म अर्धा भरून पोर्टलवर पडलेला होता, क्रमांक मिळायला एक बटण पुरे होतं. मी मॅडमना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, “बटण दाबलं की आपण लिहून दिल्यासारखं होईल की गेलं होतं.” मग म्हणाल्या, “दुरुस्ती कोणाच्या कागदात करायची आहे?”

“काकांच्या.”

“मग क्रमांक कोणाचा द्यायचा?”

इतकी वर्षं या टेबलावर बसून हे मला सुचलं नव्हतं. कोमलचा अर्ज नव्हताच. चूक काकांच्या फाइलीत होती, आणि त्या फाइलीला क्रमांक होता. तो घालून मी तोच अहवाल तासाभरात पुन्हा पाठवला. विषय बदलला, ‘मुरलीधर यांच्या घोषणापत्रातील नोंद दुरुस्त करणेबाबत’.

दुसऱ्या दिवशी कोमल एकोणीस वर्षांची झाली. सोपा रस्ता बंद झाला. ती शाखेत केळीचे वेफर्स घेऊन आली. आम्ही सगळ्यांनी खाल्ले.

त्यानंतर पाचव्या दिवशी मेल आला. नोंद वगळण्यात आली आहे. तीच प्रत पासपोर्ट कार्यालयाला गेली होती. कोमलचा पासपोर्ट तत्काळमध्ये निघाला आणि मुदतीच्या दोन दिवस आधी तिने संघाला नंबर कळवला. स्पर्धेत ती सातवी आली. सुधाकरभाऊंनी फोनवर मला सांगितलं की वर सहा जणीच आहेत.

अहवालाची एक प्रत जबाब देणाऱ्याला पाठवायची असते. मी पाठवणार, तेवढ्यात मुरलीकाकांचा फोन आला.

“भाऊ, ते वाक्य आहे का त्या कागदात?”

“आहे, काका. त्याच्यावरच तर सगळं झालं.”

“मग मला नका पाठवू.”

“नियम आहे.”

“बरं. मग दादाच्या पत्त्यावर पाठवा. त्याच्या घरात राहू द्या.”

मी नियम पुन्हा वाचला. प्रत जबाब देणाऱ्याने कळवलेल्या पत्त्यावर पाठवावी, एवढंच त्यात होतं. काकांनी पत्ता कळवला होता, म्हणून ती रावेर तालुक्यात गेली. पोच आली, सही सुधाकरभाऊंची.

तेव्हापासून कोणी फॉर्म भरायला बसलं आणि ‘मुले’ हा रकाना आला की मी आधी विचारतो, ही तुमची का घरातली? काही जण रागावतात. रागावले तरी विचारतो. सरकारी फॉर्ममध्ये विचारलं असेल तेवढंच लिहावं. मन मोठं असेल तर ते फोनवर दाखवावं, तिथे सही लागत नाही.