मिठाचे दोन पुडे

गेल्या दिवाळीनंतर रोज सकाळी अकराच्या सुमाराला माझ्या डोक्यावर धप्पकन काहीतरी पडायचं. म्हणजे वरच्या मजल्यावर. नवीन पनवेलातली आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, वर कुणी लसूण ठेचला तरी खाली मला कळतं. पण हा आवाज लसणाचा नव्हता. आठ दिवस दम धरला आणि नवव्या दिवशी तरातरा वर गेले. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत पीटी शिकवली आहे मी. कुमुदबाई आल्या म्हटलं की अख्खी रांग सरळ व्हायची. भांडायला मला वेगळी तयारी लागत नाही.

वर लाकडी दार उघडं होतं, पण पुढच्या जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप. आत फरशीवर तिथं राहणाऱ्या केतनची आई, भामाबाई, पाय पसरून बसलेल्या.

"पडलात का?" मी ओरडले.

"नाय बाई, बसले. उठायचं तेवढं राह्यलंय."

मग त्या ढुंगणावर सरकत सोफ्यापर्यंत गेल्या, त्याचा हात धरला, दोनदा घसरल्या आणि तिसऱ्यांदा कशाबशा उभ्या राहिल्या. पाव तास लागला. तेवढा वेळ मी जाळीला बोटं अडकवून बाहेर उभी. इतकी निरुपयोगी मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

भामाबाई मूळच्या गव्हाणच्या. तीस वर्षं मिठागरावर डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहिल्या. शिवाय गावातल्या धवलारीण. आगरी लग्नात नवरीजवळ बसून धवले गायचे, विधी पुढे न्यायचे, हा त्यांचा मान. पुढे मिठागर बंद झालं, नवरा गेला आणि मुलानं त्यांना पनवेलला आणलं. केतन शहाणा, कष्टाळू मुलगा. त्यानं पहिल्याच दिवशी जाहीर केलं, की आईनं आजवर खूप उचललं, आता तिनं ताटसुद्धा उचलायचं नाही. सून प्राचीही तशीच. पाण्याचा तांब्या हातात, चहा हातात, भाजी निवडायलासुद्धा द्यायची नाही. या कौतुकात चार वर्षं गेली आणि भामाबाईंच्या मांड्या काटक्यांसारख्या झाल्या. मग एकदा भाजीवालीची हाक ऐकून त्या खाली निघाल्या, जिन्यावर कोसळल्या आणि मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण दिवाळीपासून नवराबायको कामावर जाताना कुलूप लावत.

संध्याकाळी मी केतनला गाठलं. "उद्या आग लागली तर?"

"गॅस बंद करून जातो मॅडम. आणि बाहेर पडून पुन्हा पडली तर? मला टेन्शन येतं हो." त्याचा आवाज खरंच कापत होता, म्हणून मी दोन पट्ट्या खाली आले.

"त्या स्वतःहून जमिनीवरून उठायला लागल्या तर?"

"कुणाचा, कशाचाही आधार न घेता उठली ना, त्या दिवशी कुलूप काढतो. प्रॉमिस."

त्याला ते कधीच होणार नाही याची खात्री होती. मला नव्हती. साठीनंतर स्नायू वापरले नाहीत तर ते न सांगता निघून जातात, आणि वापरले तर साठीनंतरही परत येतात. हे मी मुलींना फळ्यावर लिहून शिकवलं होतं. मात्र जाळीच्या बाहेरून शिकवायची वेळ पहिल्यांदाच आली. भामाबाईंना घाई होती. वैशाखात त्यांच्या चुलत नातीचं, हेतलचं लग्न होतं, आणि धवलारीण खुर्चीवर बसून गात नाही.

"खुर्चीवर बसून काय, पावनी हाय काय मी?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून सुरू. हातांची घडी घालून खुर्चीवरून उठायचं, बसायचं. पाच वेळा, मग आठ, मग बारा. नंतर वजन हवं होतं. मी म्हटलं, घरात काय आहे? त्यांनी स्वयंपाकघरातून मिठाचे किलोकिलोचे दोन पुडे आणले, दोन हातांत धरले आणि हसत सुटल्या. "आख्खी टोपली न्यायचे मी बाई, आनि आता ह्ये?" हसता हसता रडल्या. मी जाळीतून शिट्टी वाजवली. दुसरं काय करणार?

मी एक दिवसाआड वर जायची. खुर्चीनंतर स्टूल, स्टुलानंतर चौरंग. संक्रांतीपर्यंत त्यांना रात्री झोप लागायला लागली. शिमग्याला रक्तातली वाढलेली साखर बरीच उतरली आणि प्राचीनं त्याचं श्रेय कारल्याच्या रसाला दिलं. दुपारी भिंतीकडे बघत बसणारी बाई आता गुणगुणायची. चैत्रात ते धप्पही थांबलं. त्या हळू, तोल सांभाळत खाली बसायला लागल्या होत्या. आणि हात न टेकता उठायलाही. पण हे केतनला सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. त्यांना ते त्याला हळदीच्या दिवशी, साऱ्या भावकीसमोर दाखवायचं होतं. कुलूप मात्र रोज लागत होतं. शिकवणी संपली की मी जिना उतरायची आणि त्या तिथंच राहायच्या.

हळद गव्हाणला. मीही गेले. भामाबाई सगळ्यांदेखत खाली बसल्या आणि दीड तास गायल्या. आवाजाला कुठंही चरा नाही. मग त्यांनी एक पाऊल रोवलं, माझ्याकडे बघितलं आणि अंग पुढं झुकवलं. तेवढ्यात मांडवाच्या दारातून केतन धावत आला, एका भाच्याला हाक मारली आणि दोघांनी काखेत हात घालून त्यांना पोत्यासारखं उचलून खुर्चीत ठेवलं.

"पोरगा असावा तर असा!" बायका म्हणाल्या.

माझा हात शिवशिवला, खोटं कशाला बोलू. भामाबाईंनी मान खाली घातली ती गाडीत बसेपर्यंत वर केली नाही.

लग्न आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप लागल्याचा आवाज आला. मी वर गेले. त्या पलंगावर असतील असं वाटलं होतं. त्या जाळीला लागूनच उभ्या होत्या.

"बाई, सांजंला या. मी त्याच्यासमोर खाली बसनार हाय. तुमी फकस्त त्याचं दोनी हात धरून ठेवा."

सहा वाजता मी त्यांच्या घरात केतनची दोन्ही मनगटं धरून उभी होते. माझी पकड अजून बरी आहे. भामाबाई फरशीवर बसल्या. तो ओढाओढ करत होता. "सोडा मॅडम, पडेल ती!" त्यांनी पाऊल रोवलं, हातांची घडी घातली, मांड्या थरथरल्या, आणि त्या उठल्या. सरळ उभ्या राहिल्या.

माझ्या हातातली मनगटं सैल पडली.

"आये," केतन म्हणाला, "कवापासून जमतंय तुला?"

भामाबाईंनी किल्लीसाठी हात पुढं केला. "जमतंय चैतापासनं. पन रोज खाली बसून उठायला लागले ती तू कुलूप लावलंस त्या दिसापासून."