शेजारणीचं पुस्तक

शेजारच्या सुमनताईंनी वाचायला दिलेलं पुस्तक महिनाभर टीपॉयवर पडून आहे. त्यांनी त्याला मायेनं खाकी कव्हर घातलंय. जो तो त्याची तारीफ करतो. मला मात्र ते मुळीच आवडलेलं नाही. चार ओळी वाचल्या की कपाळावर आठी चढते.

त्यांच्या भाजीत मीठ कमी पडलं तर मी तोंडावर सांगते आणि त्या हसतात. पण "हे वाचून मी रडले हो," असं म्हणून दिलेलं पुस्तक कंटाळवाणं आहे, हे कसं सांगायचं? त्यांच्या रडण्यालाच नावं ठेवल्यासारखं होईल.

शेजारणीचा डबा रिकामा परत देऊ नये म्हणतात. पुस्तकही नुसतं परत देता येत नाही, सोबत कौतुक द्यावं लागतं. आज त्या दारात आल्या तेव्हा त्यांच्या डब्यात मी लाडू भरले, वर पुस्तक ठेवलं आणि म्हटलं, "फारच सुंदर आहे!"

त्यांनी तिथंच पुस्तक उघडलं. खुणेला घातलेलं माझं बसचं तिकीट पहिल्याच प्रकरणात होतं. दोघीही त्याच्याकडे बघत राहिलो.

"सावकाश होऊ द्या," त्या म्हणाल्या.

डबा घेऊन गेल्या. पुस्तक माझ्या हातात ठेवून.