पिचर शोधायला बंगळुरूला

मिरजेहून संध्याकाळच्या गाडीत बसलो तेव्हा माझ्या बॅगेत दोन पुस्तकं, चार कपडे आणि एक जाड कातडी हातमोजा होता. मोजा शैलाचा, माझ्या पत्नीचा. मुलींच्या शाळेत ती खेळाची शिक्षिका होती आणि आमच्या क्रिकेटवेड्या गावात तिनं हट्टानं बेसबॉल शिकवला. मार्चमध्ये ती गेली. बंगळुरूला खरं तर तिलाच बोलावणं होतं.

बोलावणारी अश्विनी, तिची जुनी विद्यार्थिनी. आता ती बंगळुरूत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी मुलींचा एक बेसबॉल संघ सांभाळते. संघातल्या अनुभवी मुली लग्न, नोकरी, परदेश अशा कारणांनी एकदम पांगल्या. अश्विनीनं नवा संघ बांधायला घेतला, पण तिला पिचर मिळेना. पिचर म्हणजे मधोमध उभी राहून चेंडू फेकणारी. निम्मा सामना तिच्या हातात असतो. "मॅडम, एकदा येऊन बघा ना," असं ती गेल्या हिवाळ्यात म्हणत होती. या डिसेंबरात तिनं मला फोन केला.

"सर, आता तुम्ही या."

"मी येऊन काय करू? मला खेळातलं काय कळतं?"

"मॅडमच्या प्रत्येक मॅचला तुम्ही होता."

"पुस्तक घेऊन बसलेला."

"पान उलटताना मात्र मी तुम्हाला कधी पाहिलं नाही," ती म्हणाली.

मी तिकीट काढलं.

सकाळी बंगळुरूत उतरलो तेव्हा हवेत स्वेटर घालावा की नको अशी थंडी होती. राहायचं होतं बसवनगुडीत, संघाचे व्यवस्थापक राघूअण्णा यांच्याकडे. तिथल्या मोठ्या रस्त्यांना 'मेन' म्हणतात आणि आडव्या गल्ल्यांना 'क्रॉस'. दोघांनाही नुसते आकडे. मी रिक्षावाल्याला मेनचा आकडा क्रॉसचा म्हणून सांगितला आणि क्रॉसचा मेनचा म्हणून. त्यानं मला मी सांगितलं तिथे अगदी बरोबर पोहोचवलं, आणि तिथे एक दातांचा दवाखाना होता. मग बॅग घेऊन मोठ्या झाडांच्या सावलीतून पायी निघालो. फुलांच्या गाड्या लागल्या, दारापुढच्या ओल्या रांगोळ्या लागल्या, आणि एका फाटकाशी बनियनवर शाल घेतलेले एक गृहस्थ उभे दिसले.

"मास्तर ना? दातांच्या डॉक्टरकडे गेला असाल. सगळे तिथंच जातात आधी."

राघूअण्णांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. त्यांची मराठी आपल्यासारखी सुरू होते आणि मध्येच कन्नडच्या दारातून आत जाऊन येते. त्यांच्या पत्नी पद्माअक्कांनी अक्की रोट्टी (तांदळाच्या पिठाची जाड भाकरी) आणि वालाच्या दाण्यांची आमटी वाढली. "स्वल्प अजून," असं म्हणून त्या प्रत्येक वेळी अख्खी रोट्टी टाकत. स्वल्प म्हणजे थोडं, हे मला दुपारी अश्विनीकडून कळलं.

"सरळ गोष्ट सांगतो, मास्तर," राघूअण्णा जेवता जेवता म्हणाले. "दोन वर्षं आम्ही शेवटचे. पिचर नाही. शहराच्या पलीकडच्या टोकाला एक संघ आहे, त्यांच्याकडे दोन पिचर. एक द्यायला तयार आहेत. बदल्यात त्यांना आमची चैत्रा पाहिजे."

"चैत्रा कोण?"

"आमची शॉर्टस्टॉप. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावताना गाठायच्या ठाण्यांच्या, मध्ये उभी राहते. तिच्या बाजूनं चेंडू जात नाही. चांगली आहे, नाही कोण म्हणतं? पण एका शॉर्टस्टॉपनं सामना जिंकतात का? उद्या संध्याकाळी मला त्यांना हो म्हणायचंय."

"आणि ती पिचर कशी आहे?"

"अनुभवी."

"खांदा दुखतो तिचा," पद्माअक्का आतून म्हणाल्या.

"तू सुम्ने (उगीच) मध्ये बोलू नको!"

मैदान पायी जाण्याइतकं जवळ होतं. एका शाळेचं, लाल मातीचं, एका अंगाला दगडी भिंत. अश्विनी धावत आली, वाकून नमस्कार केला, आणि काही बोलण्याआधी तिचे डोळे भरून आले. माझेही. मग तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "बसा सर. पुस्तक आणलंय ना?"

चैत्रा कोणती ते सांगावं लागलं नाही. ठेंगणी, वीस-एकवीसची, कोणाशी न बोलता एका बाजूला बुटाचे बंद बांधत बसलेली. अदलाबदलीचं तिला कळलं होतं. अश्विनी हळू आवाजात म्हणाली, "सर, तो संघ दोन बस बदलून जाण्याइतका लांब आहे. तिची आई एवढ्या लांब पाठवणार नाही. म्हणजे चैत्राचा खेळच बंद. अण्णांना सांगितलं तर म्हणतात, आईला समजावू."

मग मेघना फेकायला आली. उंच मुलगी. लहानपणी ती क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजी करायची, पण तिचं कोपर वाकतं म्हणून पंच नो-बॉल देत राहिले आणि शेवटी तिला कोणी संघात घेईना. बेसबॉलमध्ये कोपर वाकणं हा गुन्हा नाही. तिचा चेंडू सणसणत येत होता, मी नकळत मागे सरकलो. पण गोलंदाजाची जुनी खोड तिच्या हातात होती. मधूनमधून चेंडू थेट न जाता आधी जमिनीवर टप्पा घेई.

तो अडवायला फलंदाजाच्या मागे बसली होती कॅचर सुमा. सुमा शाळेत यष्टिरक्षक होती. टप्पा पडला की ती यष्टिरक्षकासारखीच उठे, एका बाजूला सरके आणि हात पुढे करी. दिसायला फार सुंदर. चेंडू मात्र तिच्या कुशीखालून थेट भिंतीवर आदळे, आणि तोवर धावणारी पुढच्या बेसवर पोहोचलेली असे. असं दोनदा झालं की मेघना घाबरून चेंडू हळू, जपून टाकी. हळू टाकलेला चेंडू टोलवायला सोपा.

"बघितलंत?" राघूअण्णा म्हणाले. "पिचर नाही."

मी मेघनाकडे बघतच नव्हतो. सुमाच्या पायांकडे बघत होतो. शाळा सुटल्यावर शैला कधी कधी आमच्या गच्चीवर सराव करायची आणि समोर बसायला दुसरं कोणी नसलं की मला बसवायची. मुद्दाम जमिनीवर आपटून चेंडू टाकी. मी पकडायला हात लांबवला की ओरडायची, "पकडू नका, अडवा! गुडघे टेका, छातीवर घ्या. मरत नाही माणूस!"

दुपारी अश्विनीनं मला मेट्रोनं इंदिरानगरला जेवायला नेलं. तिथे काचेच्या दुकानांची रांग आहे आणि रस्त्यावर निम्मे लोक आपल्या पुण्याचे वाटतात. डोसा मोडता मोडता मी तिला गच्चीची गोष्ट सांगितली. ती हसली, आणि मग थांबली.

"सर, जूनमध्ये नवीन मुली आल्या की मॅडम सगळ्यात आधी कॅचर निवडायच्या. पिचर नंतर. मी लांब सीमेवर उभी राहणारी, मला कधी त्याचं कारण कळलं नाही."

"ती म्हणायची, मागे भरवशाचं कोणी असलं की पुढची मुलगी न घाबरता चुकते. न घाबरता चुकली की लवकर सुधारते." हे शैला माझ्याशी जेवताना बोलायची. मी ऐकत होतो हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. "तुमच्यात अशी कोण आहे, जी अंगावर चेंडू आला तरी हलत नाही?"

अश्विनीनं हातातला घास खाली ठेवला. "चैत्रा."

"जिला तुम्ही देऊन टाकताय?"

"हो."

चैत्राला कॅचर करून बघू, असं अश्विनीनं राघूअण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा ते जे ओरडले ते मला टेबलापलीकडे ऐकू आलं. "अय्यो! पिचर आणायला मास्तरांना बोलावलं, मास्तर कॅचर देतायत! तीही आमचीच आम्हाला!" मग जरा वेळानं, "सरी (बरं). उद्या सकाळी कॉलेजच्या मुलींबरोबर सराव सामना आहे. बसवून बघा. संध्याकाळी मात्र मी हो म्हणणार."

एक अडचण होती. सुमाचं छातीचं कवच ठेंगण्या चैत्राच्या गुडघ्यापर्यंत आलं असतं. म्हणून संध्याकाळी राघूअण्णा स्वतःच मला चिकपेटच्या बाजारात घेऊन गेले. साड्यांच्या गठ्ठ्यांतून, हातगाड्यांतून आणि माणसांतून वाट काढत आम्ही पट्टे, बकलं आणि फोम शोधत होतो. एका बोळात माझी चप्पल तुटली. राघूअण्णांनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाले, "शैलाबाई असत्या तर त्या बूट घालून आल्या असत्या."

"हो," मी म्हणालो. "आणि मला दोनदा सांगितलं असतं."

ते हसले. शैलाचं नाव निघालं आणि कोणी हसलं, असं बरेच दिवसांत झालं नव्हतं. कवच त्यांनी दुकानातच बसून आखूड करून घेतलं. बकल उलटं लागलं म्हणून दुकानदाराशी कन्नडमध्ये भांडलेही. हो म्हणायचंच ठरवलेला माणूस इतकं भांडतो का, असं माझ्या मनात आलं.

रविवारी सकाळी मी शैलाचा मोजा चैत्रापुढे धरला. तिनं तो घेतला नाही. माझ्याकडे बघून हिंदीत म्हणाली, "अंकल, भेजना ही है तो आज कहीं भी बिठा दो. क्या फरक पड़ता है?"

सुमाच पुढे आली. "घे गं बाई. माझे गुडघे गेलेत. मला तिकडे उभं राहू दे, तुझ्या जागेवर. दोन वर्षं म्हणतेय, कोणी ऐकत नाही!" हे कन्नडमध्ये. अश्विनीनं मला अर्थ सांगितला तोवर चैत्रानं मोजा घातलाही होता.

पहिल्याच डावात कॉलेजची एक खेळाडू पहिल्या बेसवर असताना मेघनाचा चेंडू जमिनीवर आपटला. चैत्रा उठली नाही. धपकन गुडघ्यांवर पडली, हनुवटी छातीला लावली. चेंडू कवचावर आदळला आणि तिच्यासमोर पडला. पळणारी मुलगी निम्म्या वाटेवरून मागे वळली. मेघना बघतच राहिली. पुढचा चेंडूही टप्प्याचा, तोही तिथेच पडला. चैत्रा मास्क वर करून ओरडली, "इन्नू जोरागि! (अजून जोरात!)"

मग मेघनानं जोरात टाकायला सुरुवात केली. गंमत अशी की जमिनीवर पडणारे चेंडू हळूहळू कमी होत गेले. कॉलेजच्या मुली हवेतच बॅट फिरवून परत जाऊ लागल्या. शॉर्टस्टॉपला सुमा यष्टिरक्षकाच्या त्या सुंदर हातांनी दोन्ही बाजूंचे चेंडू टिपत होती. राघूअण्णा बसले होते ते उभे राहिले, आणि मग बसलेच नाहीत.

सामना आम्ही हरलो. शेवटी मेघनाचा हात थकला, दुसरी पिचर नव्हती, सामना एका धावेनं गेला. मुली मात्र हरल्यासारख्या बसल्या नव्हत्या. सगळ्या एकदम बोलत होत्या, आणि मधोमध चैत्रा दंडावरचा काळानिळा डाग सगळ्यांना दाखवत होती.

फोन संध्याकाळपर्यंत थांबला नाही. मैदानावरच वाजला. राघूअण्णा कन्नडमध्ये बोलले. मला त्यातला 'बेड' (नको) एवढाच शब्द कळला, पण तो त्यांनी बऱ्याचदा म्हटला. फोन खिशात टाकून ते चैत्राला काहीतरी रागावूनच बोलले. ती खाली मान घालून हसली.

"काय म्हणाले?" मी अश्विनीला विचारलं.

"म्हणाले, तुझ्या आईला सांग, कुठं जायचं नाही. आणि शनिवारी सरावाला उशिरा आलीस तर बघ."

"यंदा आपण वर येत नाही," राघूअण्णा मला म्हणाले. "तिकडची पिचर आणली असती तर कदाचित आलो असतो."

"कदाचित."

"आणि पुढच्या वर्षी तिचा खांदा गेला असता, चैत्राही गेली असती." ते मैदानाकडे बघत होते. "पुढच्या वर्षी बघू. सरी?"

"सरी," मी म्हणालो.

मोजा मी चैत्राकडेच ठेवला. पद्माअक्कांनी डब्यात 'स्वल्प' चित्रान्न (लिंबू पिळलेला पिवळा भात) दिलं, ते मला आणि समोरच्या बाकावरच्या जोडप्याला पुरलं. गाडी तुमकूर ओलांडून गेल्यावर राघूअण्णांचा फोन आला.

"मास्तर, मेघना एकटी सगळा सामना ओढणार नाही. दुसरी कशी शोधायची? बाईंनी काय केलं असतं?"

मार्चपासून लोक मला शैलाबद्दल खूप काही विचारत आलेत. आजार कधी कळला, शेवटी काय बोलली, शाळेनं काही केलं का. सगळं झालेलं. चांगल्या मनानं विचारतात, मीही उत्तरं देतो, आणि प्रत्येक उत्तरानंतर ती थोडी लांब जाते. आता मात्र एक माणूस घाईनं, जरा चिडूनच, तिला पुढच्या वर्षाचं विचारत होता. मला विचार करावा लागला.

"मेघनासारखीच दुसरी शोधू नका," मी म्हणालो. "जिचा चेंडू अगदी वेगळा येतो, अशी बघा. डावखुरी असली तर उत्तम. हळू टाकणारी चालेल."

"हळू? आणि जमिनीवर पडला तर?"

"पडू दे. मागे चैत्रा आहे ना."

"आहे एक डावखुरी. लाजते फार. जानेवारीत येऊन तुम्हीच बघा तिला."

मी येतो म्हणालो. फोन ठेवला. पुढच्या महिन्यातलं काही ठरवण्याची सवयच मोडली होती माझी. मग शेजारच्या माणसाला विचारलं, जानेवारीत या गाडीला गर्दी असते का. तिकीट आधी काढलेलं बरं का. तो म्हणाला, संक्रांतीच्या सुमाराला असते, आत्ताच काढून टाका.